सुकाणू आणि झीज : फोर्ड 'मॉडेल टी' मोटारीच्या दिशायंत्रणेच्या दुरुस्तीचा ऐतिहासिक विचार

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी काय शोधून काढले, पेटंट कोणास व कोणत्या वर्षी मिळाले, कारखान्यातून किती नग बाहेर पडले, एवढ्या नोंदी झाल्या की प्रकरण पुरे झाले असे मानण्याची रीत आहे. वास्तविक कोणतेही यंत्र आपल्या आयुष्याचा अत्यल्प भाग कारखान्यात आणि फार मोठा भाग वापरात व दुरुस्तीत घालविते. जुन्या मोटारींचे जतन करणाऱ्यांपुढे आज जे वाद उभे राहतात, त्यांचे मूळ या उपेक्षेत आहे. मोटारीची बैठक, रंग किंवा दिवे यांविषयी मतभेद झाला तर तो रुचीचा प्रश्न म्हणून सोडून देता येतो. दिशायंत्रणेच्या बाबतीत तसे करता येत नाही, कारण तेथे एका बाजूस ऐतिहासिक पुराव्याचा आणि दुसऱ्या बाजूस माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही मोटार विशेष सोयीची आहे. तिची घोषणा १ ऑक्टोबर १९०८ रोजी झाली आणि २६ मे १९२७ रोजी तिचा दीड कोटीवा नग कारखान्याबाहेर आला. जुन्या मोटारींना सरसकट लावले जाणारे 'व्हिंटेज' हे विशेषण मुळात द्राक्षांच्या हंगामाचे, लॅटिन 'विन्देमिया' या शब्दावरून आलेले. इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबने १९३० अखेरपर्यंतच्या मोटारींसाठी ते रूढ केले, आणि त्याची पूर्वमर्यादा सामान्यतः १९१९ धरली जाते. या काटेकोर अर्थाने पाहिल्यास एकाच 'मॉडेल टी'ची अलीकडची पिढी व्हिंटेज ठरते, पलीकडची ठरत नाही. परंतु लोकव्यवहारात हा भेद टिकलेला नाही, आणि ज्या यंत्रणेचा येथे विचार करावयाचा आहे तिच्या दृष्टीने त्याला फारसे महत्त्वही नाही.

चालत्या वाहनाला वळविण्याची कल्पना माणसाने प्रथम पाण्यावर साधली, आणि भाषेने ती आठवण जपून ठेवली आहे. इंग्रजी 'स्टिअर' आणि जर्मन 'श्टॉयर' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी नावेचे वल्हे किंवा सुकाणू आहे. मराठीतील 'सुकाणू' हा शब्द अरबी 'सुक्कान'पासून फारसीच्या वाटेने आला असून हिंदी महासागरातील नाविकांच्या मिश्र बोलीत त्याच मूळापासून सुकाणू धरणाऱ्याला 'सीकनी' असे म्हटले जाई. इंग्रजांनीही तो शब्द उचलला होता. फ्रेंचांनी मात्र मोटारीच्या चाकास 'व्होलाँ', म्हणजे उडणारे किंवा फिरते चाक, असे नाव देऊन समुद्राशी असलेला संबंध तोडला. प्रारंभीच्या मोटारींत हा संबंध केवळ शाब्दिक नव्हता. फोर्डने १८९६ साली बनविलेले पहिले चारचाकी वाहन आणि १९०१ ते १९०७ या काळातील ओल्ड्समोबिलची वक्र पुढा असलेली मोटार, ही दोन्ही होडीप्रमाणेच दांड्याने वळविली जात. १८९४ च्या जुलैमध्ये झालेल्या पॅरिस-रूआँ शर्यतीत आल्फ्रेद व्हाशेराँ यांनी आपल्या पानार मोटारीस दांड्याऐवजी गोल चाक बसविले होते, आणि १८९८ पासून पानार कारखान्याने चाकाचा नियमित स्वीकार केला. दांड्याच्या मोटारीत खड्ड्याचा धक्का सरळ चालकाच्या हाताला लागतो. वेग वाढताच तो सहन होईना, एवढे या बदलाचे साधे कारण होते.

चारचाकी वाहनापुढची खरी अडचण हाताशी नव्हती, ती आसाशी होती. बैलगाडी वा घोडागाडीत पुढचा सबंध आस मध्यबिंदूवर फिरतो; त्यामुळे वळताना गाडीचा पाया अरुंद होतो आणि ती कलंडण्याचा संभव वाढतो. इरॅस्मस डार्विन यांनी १७५९ च्या सुमारास आस स्थिर ठेवून दोन्ही चाके आपापल्या खुंटीवर फिरविण्याची युक्ती आपल्या गाडीस लावून पाहिली होती. म्युनिकचा गाडीकार गेओर्ग लांकेन्स्पेर्गर याने १८१६ मध्ये हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली, आणि लंडनमधील त्याचा प्रतिनिधी, चित्रांचा व्यापारी रूडॉल्फ अॅकरमन, याने १८१८ साली तिचे इंग्लिश पेटंट घेतले. आज जगभर तिला 'अॅकरमन रचना' म्हणतात. मुखत्याराचे नाव चालले आणि कारागिराचे मागे पडले; पेटंटच्या दप्तरावरून इतिहास लिहिल्याचा हा ठळक परिणाम आहे. पुढे आमेदे बोले यांनी १८७३ च्या वाफेच्या गाडीत आणि शार्ल जाँतो यांनी १८७८ मध्ये या रचनेची भूमिती सुधारली. वळणाच्या आतील चाकाने बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे, आणि त्यासाठी चाकांचे भुज मागच्या आसाच्या मध्याकडे रोखलेले असावेत, हे तिचे सार होय. कार्ल बेन्झ यांचे १८८६ चे वाहन तीनचाकी ठेवण्यामागे हीच अडचण होती. चार चाकांसाठी समाधानकारक रचना त्यांनी १८९३ साली पेटंट केली. 'मॉडेल टी' रस्त्यावर आली तोवर हे प्रश्न तत्त्वतः सुटलेले होते. उरला होता तो स्वस्ताईचा आणि खराब रस्त्यांचा प्रश्न.

फोर्डने त्याचे जे उत्तर दिले ते इतर कारखान्यांहून वेगळे होते. बहुतेक मोटारींत दंडाच्या तळाशी मळसूत्र आणि दातेरी चाप यांची जोडी असे. 'मॉडेल टी'मध्ये दंतचक्रे वर, चाकाच्या लगेच खाली एका लहानशा डबीत ठेवलेली आहेत. डबीच्या आतील कडेला ३६ दाते, मध्यभागी चाकाशी जोडलेले १२ दात्यांचे चक्र आणि या दोहोंमध्ये तितक्याच दात्यांची तीन छोटी चक्रे, अशी ही ग्रहमालेसारखी रचना. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी तीन चक्रे मधल्या चक्राभोवती फिरतात आणि त्यांच्या खुंट्या खालच्या दंडाला फिरवितात. हिशेब सोपा आहे : चाकाचे चार फेरे तेव्हा दंडाचा एक. म्हणजे चाकाचा एक पूर्ण फेरा झाला की दंडाच्या तळाचा भुज ९० अंशांतून फिरतो. याच मोटारीची गती बदलणारी पेटीही ग्रहमालेच्या तत्त्वावरच बनविलेली होती. एकच कल्पना फोर्डने दोन ठिकाणी वापरली.

दंडाच्या तळाशी खाली लोंबणारा भुज, त्याच्या टोकास पोलादी गोळा, गोळ्याला धरणारी दोन अर्ध्या वाटीची खोबण, तेथून मोटारीच्या रुंदीला समांतर जाणारी ड्रॅग लिंक आणि तिच्या दुसऱ्या टोकाची तशीच खोबण. ती आसामागे असलेल्या टाय रॉडला धरते आणि टाय रॉड दोन्ही चाकांच्या भुजांना एकत्र हलवितो. सर्व सांधे उघडे. धूळ, पाणी, चिखल यांना आडकाठी नाही. आणि पान्यालाही नाही. डोळ्यांनी पाहता येईल, हाताने चाचपता येईल आणि शेतावरच्या साध्या हत्यारांनी सोडविता येईल, अशी ही यंत्रणा आहे. सुकाणूच्या चाकाखालीच डाव्या हाताला ठिणगीची आणि उजव्या हाताला इंधनाची मूठ असल्यामुळे चालकाचे दोन्ही हात जवळजवळ सतत तेथेच गुंतलेले असत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या रचनेचा एक गुण आजच्या इतिहासकाराच्या सहसा लक्षात येत नाही. दंतचक्रे दंडाच्याच अक्षावर असल्याने चालक डावीकडे बसो वा उजवीकडे, डबीत तत्त्वतः काहीही बदलावे लागत नाही. बदलते ती दंडाची जागा आणि ड्रॅग लिंकची दिशा. अमेरिकेत ही मोटार डाव्या सुकाणूची होती. हिंदुस्थानासह ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक देशांना मोटारी पुरविण्याचे काम डेट्रॉइटसमोरील नदीपलीकडच्या वॉकरव्हिल येथील फोर्डच्या कॅनेडियन कंपनीकडे होते, आणि तेथून उजव्या सुकाणूच्या गाड्या निघत. मुंबईत फोर्डची स्वतंत्र कंपनी १९२६ साली स्थापन झाली, म्हणजे 'मॉडेल टी'चे आयुष्य संपण्यास जेमतेम वर्ष उरले असताना.

रचना स्वस्त व सुटसुटीत खरी, परंतु तिची झीजही तिच्याच स्वभावानुसार होते. चार फेऱ्यांस एक हे प्रमाण फार कमी आहे. मळसूत्राची यंत्रणा रस्त्याचे धक्के बऱ्याच अंशी स्वतःतच मुरविते. ग्रहमालेची यंत्रणा दोन्ही दिशांनी सारखीच मोकळी असल्याने चाकाला बसलेला प्रत्येक धक्का हातापर्यंत पोचतो. दुसरे असे की, तळाच्या खोबणीत एक अंशाचा ढिलेपणा आला तर चाकाच्या घेरावर तो चार अंशांचा होतो. या ढिलेपणास इंग्रजीत 'प्ले', जर्मनीत 'श्पील', फ्रेंचमध्ये 'ज्यो' म्हणतात. तिन्हींचा मूळ अर्थ खेळ. मराठी कारागिराने मात्र 'प्ले' हा शब्द जसाच्या तसा उचलला. 'स्टेअरिंगला प्ले आलाय' या वाक्याला गॅरेजमध्ये कोणी दुसरा शब्द सुचविला तर तो चालणार नाही, आणि सुचविण्याचे कारणही नाही.

झीज कोठे होते याचे उत्तर एका ठिकाणी नाही. ग्रहचक्रांच्या खुंट्या कोरल्या जातात. तळाचा गोळा अंडाकृती होतो. चाकांच्या भुजांतील पितळी बुश सैल होतात. किंगपिनभोवतीचे बुश झिजले की चाक स्वतःच डुलू लागते. दंडाला चौकटीशी धरणारा ब्रॅकेट आपल्या रिव्हेटांवर हलू लागतो, आणि मग वरून चाक फिरविले तरी काही अंशी सबंध दंडच सरकतो. शिवाय पुढची स्प्रिंग आडवी असल्याने तिच्या कड्या झिजल्या की आस डावीउजवीकडे सरकतो, आणि चालक चाक स्थिर धरून बसला असताही मोटार आपली वाट बदलते. या प्रत्येक ठिकाणचा ढिलेपणा क्षुल्लक असतो. बेरीज क्षुल्लक नसते.

या बेरजेतून एक धोका उद्भवतो, आणि तो या मोटारीच्या मालकांत कुप्रसिद्ध आहे. दंडाच्या तळाचा भुज मोठ्या कोनातून फिरत असल्याने पूर्ण वळणावर तो आणि ड्रॅग लिंक जवळजवळ एका रेषेत येतात. सर्व भाग धड असतील तर ती रेषा ओलांडली जात नाही. पण सांधे सैल असतील, भुज वाकलेला असेल किंवा कोणी चुकीच्या लांबीची लिंक बसविली असेल, तर भुज त्या मृतबिंदूच्या पलीकडे जातो. मग चाक परत फिरवून काही उपयोग होत नाही. यंत्रणा अडकते, किंवा हात एकीकडे आणि चाके दुसरीकडे अशी स्थिती होते. पुढच्या चाकांना ब्रेक नसलेल्या मोटारीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

दुरुस्तीची कंपनीची स्वतःची पद्धत तिच्या मालकांसाठी छापलेल्या पुस्तिकेत नोंदलेली आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने ती मोठी बोलकी आहे. ढिलेपणा आला तर खोबणीचे दोन भाग सोडवावेत, त्यांच्या समोरासमोरच्या कडा कानशीने घासाव्यात आणि ते गोळ्यावर पुन्हा घट्ट बसवावेत. गोळा फारच झिजला असेल तर नवा घालावा. बुश सैल झाले तर बदलावेत. पुढचे चाक आऱ्यांना धरून हिसडून पाहावे म्हणजे झीज कळते. थोडक्यात, झिजलेल्या भागातून आणखी थोडे धातू काढून टाकणे हीच येथे दुरुस्ती आहे. कानशीची खूण हे निष्काळजीपणाचे लक्षण नव्हे, ते कंपनीच्या आज्ञेचे पालन होय. ज्याने जुन्या खोबणीवरील कानशीच्या रेघा पाहून 'कोणा अडाण्याने हात लावलेला दिसतो' असा शेरा मारला, त्याने मोटार पाहिली पण पुस्तिका वाचली नाही.

त्याच पुस्तिकेतील दुसरी सूचना तितकीच महत्त्वाची, आणि अधिक वेळा मोडली गेलेली आहे. आस किंवा स्पिंडल वाकल्यास तो तापवून सरळ करू नये, थंड असतानाच करावा. तापविल्याने पोलादाचे पाणी उतरते. 'मॉडेल टी'च्या अशा भागांत व्हॅनेडियम मिश्रित पोलाद वापरले होते, आणि मोटार हलकी असूनही दणकट राहिली ती या पोलादामुळे. खेड्यातील लोहाराला वाकलेले लोखंड भात्याजवळ नेणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. जुन्या आसांवर अनेकदा आढळणारी ही लोहारी दुरुस्ती म्हणूनच दुहेरी अर्थाची आहे : ग्रामीण कारागिरीचा ती खरा दस्तऐवज आहे, आणि तो आस रस्त्यावर पुन्हा वापरण्यास अयोग्य आहे. या दोन विधानांत विरोध नाही. संग्रहालयातील भिंतीला जे शोभते ते रस्त्यावर चालेलच असे नाही.

मोजमापांचेही तसेच. पुढची चाके वरच्या बाजूस खालच्यापेक्षा सुमारे ३ इंच फाकलेली असावीत, पुढच्या बाजूस मागच्यापेक्षा १/४ इंच जवळ असावीत आणि आस किंचित मागे कललेला असावा, अशी अपेक्षा होती. हा मागचा कल म्हणजेच चाक आपोआप सरळ होण्याचे कारण. तो नाहीसा झाला की मोटार भटकू लागते. आस जागेवर ठेवणारा इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा दांडा प्रथम आसाच्या वरच्या बाजूस जोडलेला असे. मागे जाताना किंवा अडथळ्यावर आदळताना त्यामुळे आसाला पीळ बसे. १९१९ पासून तो आसाखाली जोडण्यात आला. हा बदल म्हणजे कारखान्याने रस्त्यावरील मोडतोडीकडून घेतलेला धडा मानणे भाग आहे. जाहिरातीत दाखविण्यासारखे त्यात काहीच नव्हते. १९०९ च्या मोटारीत पुढे कोणी हा नंतरचा दांडा बसविला असेल तर तो काढून 'मूळ' दांडा बसवावा काय, हा प्रश्न आजच्या दुरुस्तीत प्रत्यक्ष उभा राहतो.

याचे उत्तर शोधताना पाठचिकित्सेचा दाखला उपयोगी पडण्यासारखा आहे. पोथीत लेखकाने स्वतः केलेली दुरुस्ती, नकलकाराची समजून केलेली दुरुस्ती आणि नकलकाराची चूक यांना संपादक एकाच मापाने मोजत नाही. आणि समासातील जुनी टीप निरर्थक म्हणून खरवडून टाकत नाही. यंत्राच्या बाबतीतही कारखान्याने पुढे स्वीकारलेला दांडा, मालकाने पुस्तिकेप्रमाणे घासलेली खोबण आणि तापवून सरळ केलेला आस, हे तीन वेगळे 'पाठ' आहेत. मात्र हा दाखला एका मर्यादेपर्यंतच ताणता येतो. पोथी वाचताना कोणाचा जीव जात नाही. भ्रष्ट पाठ छापून खाली टीप देता येते; भ्रष्ट स्पिंडलला टीप देऊन तो वळणावर धरवत नाही.

जतनाच्या क्षेत्रात हा विचार उशिरा आला. वास्तूंसाठी १९६४ ची व्हेनिस सनद होती. ऐतिहासिक वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६६ साली स्थापन झाला, पण त्याची ट्युरिन सनद २०१२ मध्ये स्वीकारली गेली. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदलही त्याच्या इतिहासाचा भाग आहेत, आणि नव्याने केलेले बदल ओळखता येण्याजोगे व शक्य तितके परतविता येण्याजोगे असावेत, असा तिचा रोख आहे. तत्पूर्वीच्या काही दशकांत अनेक हौशी मालकांचा आदर्श वेगळा होता : मोटार कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी, किंबहुना त्याहूनही चकचकीत. या आदर्शापायी किती घासलेल्या खोबणी आणि किती खेडवळ ठिगळे भंगारात गेली याची गणती होणे नाही.

'मॉडेल टी'च्या सुकाणूपुरते बोलावयाचे तर व्यवहार्य मार्ग यंत्रणेनेच दाखवून दिलेला आहे. बुश, गोळे, ग्रहचक्रांच्या खुंट्या हे झिजण्यासाठीच बनविलेले भाग आहेत. ते आजही नव्याने तयार होतात, आणि बदलले तरी मोटारीच्या इतिहासास बाध येत नाही. कारण बदलले जाणे हाच त्यांचा इतिहास आहे. नवे बुश दाबून बसविल्यावर वरचा व खालचा दोन्ही एकाच रीमरने, एका रेषेत, एकाच वेळी साफ करावे लागतात, नाही तर नवीन किंगपिनही अडकतो. याउलट डबी, आस, स्पिंडल, भुज व ब्रॅकेट यांच्यावर घडणीच्या, रंगाच्या आणि जुन्या दुरुस्तीच्या खुणा असतात. त्यांपैकी जे भार पेलण्यास समर्थ आहेत ते ठेवावेत. जे नाहीत ते बदलून, काढलेला भाग खुणेसह मोटारीबरोबर जपून ठेवावा. आसाला बारीक तडा आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चुंबकीय चूर्णाने तो शोधण्याची पद्धत आज उपलब्ध आहे आणि तिने पोलादाची काही हानी होत नाही. हलते ब्रॅकेट जोडावे ते रिव्हेटांनी, वितळजोडाने नव्हे. रिव्हेट पुन्हा काढता येतात.

काही दुरुस्तीकार अधिक पुढे जाऊन खोबणींच्या जागी आधुनिक सांधे किंवा तळाशी दुसऱ्या जातीची यंत्रणा बसवितात. मोटार त्यामुळे निश्चितच सुरक्षित होते. पण खड्ड्याचा धक्का हाताला देणारे, चार फेऱ्यांस एक असे हट्टी सुकाणू १९१० साली शेतकऱ्याने कसे पेलले असेल, हे जाणून घेण्याचे साधन त्याबरोबर नाहीसे होते. ताशी ३० मैलांच्या आत आणि मोकळ्या रस्त्यावर चालवावयाच्या मोटारीत हा मोबदला देण्याचे कारण सहसा पडत नाही. मृतबिंदू ओलांडला जातो की नाही याची परीक्षा मात्र प्रत्येक दुरुस्तीनंतर, पुढची चाके जमिनीवरून उचलून, दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि एकाने वर चाक धरले असता दुसऱ्याने खाली भुजाकडे पाहत, करून घ्यावयाची असते. तिला दोन माणसे आणि काही मिनिटे पुरतात.